हवा कमी करण्याचे साधन निवडताना आधी गेज, मग बाकीचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम आकाराची फोर बाय फोर गाडी आहे, टायरांचे माप २६५/७० आर १७ आहे आणि डांबरी रस्त्यावर त्यांत ३५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचे माप) हवा असते. मऊ वाळूत किंवा दगडधोंड्यांच्या वाटेवर उतरण्यापूर्वी प्रश्नकर्ते आजवर किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडत आले आहेत. त्यात वीस-पंचवीस मिनिटे जातात, अंगठा दुखतो आणि एवढे करूनही चार टायर चार वेगळ्या दाबांवर थांबतात. आता एखादे नीट साधन घ्यायचे आहे, आणि पिन बाहेर काढणारे, ठरल्या दाबाला आपोआप बंद होणारे व चार नळ्यांचे यांपैकी कोणते घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर जरा आडवळणाचे वाटेल, पण या तिन्हींच्या आधी चांगले गेज, म्हणजे टायरचा दाब मोजण्याचे साधन, घ्या. हवा सोडण्याचे काम किल्लीही करते आणि काडीही करते. नेमके कुठे थांबायचे ते मात्र गेजच सांगते, आणि टायर रिमवरून निसटण्याचा किंवा बाजूची भिंत चिरण्याचा प्रसंग बहुतेक वेळा थांबण्याची जागा चुकल्यामुळेच ओढवतो.

गेजच्या अचूकतेचा आकडा बहुधा पूर्ण मोजपट्टीच्या टक्केवारीत दिलेला असतो, हे घेणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ० ते १६० पीएसआयचे गेज तीन टक्क्यांपर्यंत चुकू शकत असेल, तर ती चूक कुठल्याही आकड्यावर ४.८ पीएसआयपर्यंत जाऊ शकते. ८० पीएसआयवर चालणाऱ्या मालवाहू टायरसाठी तेवढी चूक खपून जाईल, परंतु तुम्ही १५ वर थांबू पाहत असाल तर ती जवळजवळ एक तृतीयांश झाली. उलट ० ते ६० चे, दोन टक्के अचूकतेचे गेज घेतले तर चूक १.२ पीएसआयच्या आत राहते, आणि तुमचे १८ व ३५ हे दोन्ही आकडे मोजपट्टीच्या मधल्या भागात किंवा त्याच्या जवळ पडतात. डायलच्या गेजांमध्ये ‘ग्रेड बी’ म्हणून जी प्रत असते, ती मधल्या निम्म्या भागात दोन टक्के आणि दोन्ही टोकांना तीन टक्के इतकी सूट घेते. म्हणजे मोजपट्टीची टोके अशा गेजची कमकुवत बाजूच असते. म्हणून माझी शिफारस ० ते ६० ची आहे. ज्यांच्या टायरांत रस्त्यावर ६५-७० पीएसआय हवा असते त्यांना ० ते १०० चे घ्यावे लागेल, आणि खालच्या आकड्यांवरची थोडी अचूकता सोडावी लागेल.

डिजिटल गेजवर दशांशापर्यंतचा आकडा दिसतो म्हणून ते अधिक खरे बोलते असे मानू नये, १७.८ असा आकडा दाखवणारे यंत्रही दोन पीएसआयने चुकीचे असू शकते. अंधारात ते वाचायला सोपे जाते, हे मात्र खरे. ग्लिसरीन भरलेल्या डायलचा काटा थरथरत नाही आणि हादऱ्यांत तो टिकतो, पण अशा बंद डबीतला दाब उन्हाने आणि उंचीने बदलतो व कमी आकड्यांवर तेवढ्यानेही फरक पडतो, म्हणून डबीला हवा समतोल करणारे झाकण आहे ना ते पाहावे. पेनसारखे सरकपट्टीचे गेज मी जवळ ठेवतो ते केवळ पडताळणीसाठी. त्याच्या नळीत वाळूचे चार कण गेले की पट्टी अडखळते आणि आपण त्या अडखळीलाच आकडा समजतो.

माझाच अनुभव सांगतो. एकदा माझे डायलचे गेज हातातून दगडावर पडले. काच फुटली नाही, काटा शून्यावर परतला, म्हणून मी निर्धास्त राहिलो. त्या दिवशी गेजने १५ दाखवेपर्यंत मी हवा सोडली आणि उतारावर हळूच वळण घेताना पुढच्या टायरची कड रिमवरून सुटली. दुसऱ्या गेजने उरलेले तीन टायर मोजले तेव्हा प्रत्येकात १० ते ११ भरले. काटा शून्यावर परतला म्हणजे गेज ठीक आहे, हा समज त्या दिवशी संपला. तेव्हापासून मी दोन गेज बाळगतो आणि प्रत्येक सहलीआधी एकाच टायरवर दोन्ही लावून पाहतो.

आता हवा सोडण्याच्या साधनांकडे वळू. त्यांच्यात वेगाचा एवढा फरक का पडतो ते कळले की निवड सोपी होते. व्हॉल्व्हच्या नळीत बसलेली पिन ही स्प्रिंगवर चालणारी छोटी झडप असते, आणि ती दाबली तरी हवेला तिच्या कडेच्या बारीक फटीतूनच वाट मिळते. पिन पूर्ण काढली की सगळी नळी मोकळी होते, त्यामुळे ज्याला किल्लीने चार-पाच मिनिटे लागत होती ते काम साधारण मिनिटभरात होते. दुसरे असे की, टायर रिकामा होत जातो तशी हवेची गती मंदावते. गेजवर ३५ असताना वातावरणाचा दाब धरून आतला एकूण दाब सुमारे ५० पीएसआय असतो, १८ वर तो सुमारे ३३ उरतो, आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण साधारण त्याच हिशेबाने घटते. शेवटच्या एका पीएसआयला पहिल्याच्या दीडपट वेळ लागतो तो त्यामुळे. १३ च्या खाली गेल्यावर तर प्रवाह आणखी रेंगाळतो.

पिन बाहेर काढणारे साधन म्हणजे पितळेची एक नळी असते. तिच्या एका टोकाला व्हॉल्व्हवर चढणारे आटे असतात, आत पिन पकडणारा दांडा असतो, बाजूला गेज असते आणि मध्ये मागेपुढे सरकणारी कडी असते. नळी व्हॉल्व्हवर हाताने घट्ट चढवायची, दांडा आत ढकलून पिनेचे टोक पकडायचे, डावीकडे फिरवून पिन सोडवायची आणि दांडा मागे ओढायचा. पिन सुटते तेव्हा आतल्या हवेने दांडा किंचित धक्का देत मागे येतो. पहिल्या वेळी माणूस दचकतो, पण पिन नळीतच अडकून राहते, हरवत नाही. मग कडी सरकवली की हवा सूं करीत बाहेर पडते.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हवा वाहत असताना या गेजचा काटा टायरमधला खरा दाब दाखवत नाही, तो पुष्कळ कमी दाखवतो, कारण गेज वाहत्या प्रवाहावर बसलेले असते. काटा १० वर दिसत असताना कडी बंद करा, तो उडी मारून २६-२७ वर जाऊन थांबेल. तोच खरा आकडा. नवखे लोक वाहता आकडा पाहून घाबरतात आणि फार लवकर थांबतात, नाहीतर कंटाळून अंदाजाने सोडत राहतात. माझी पद्धत अशी आहे की पहिल्या टायरवर दहा मोजेपर्यंत हवा सोडतो, कडी बंद करतो आणि आकडा वाचतो. दहा अंकांत किती पीएसआय उतरले ते कळले की पुढचा हिशेब मनात बसतो आणि उरलेल्या टायरांवर दोन-तीनदाच थांबावे लागते.

या साधनाचे दोष वापरणाऱ्याच्या हातांतून येतात. आटे तिरपे चढवले तर पितळेचे साधन व्हॉल्व्हच्या नळीचे आटे खाते, आणि नळी ॲल्युमिनियमची असेल तर फार सहज खाते. टायरचा दाब मोजणारे सेन्सर असलेल्या चाकांत बहुधा अशीच धातूची नळी असते. तिच्यात साधी पितळी पिन बसवू नये, निकेलचा मुलामा दिलेली बसवावी. पितळ आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की गंज धरून पिन आतच चिकटते आणि पुढच्या वेळी काढताना तुटते. साध्या रबरी नळीची अडचण वेगळी आहे. तिला जड साधन लटकवून आडवे ओढले तर ती बुडाशी चिरते, म्हणून एका हाताने साधनाचा भार उचलून धरावा. पिन परत बसवताना ती हलक्या हाताने टेकेपर्यंत फिरवावी आणि वर अगदी थोडासा पीळ द्यावा. जोर लावून पिळली तर तिचे छोटे सील दबते आणि हवा गळू लागते. साधन काढल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का ते पाहणे गावंढळ दिसेल, पण त्याहून झटपट तपासणी मला ठाऊक नाही. सुट्या पिना दहा-बारा तरी जवळ असाव्यात.

दुसरा प्रकार आपोआप बंद होणाऱ्या छोट्या टोप्यांचा. आत स्प्रिंग असते आणि तिचा ताण स्क्रूने कमी-जास्त करून दाब ठरवतात. चारही चाकांवर टोप्या चढवायच्या, हवा सुटू लागते आणि ठरल्या दाबाला प्रत्येक टोपी आपली आपण मिटते. काही बनावटींत चढवल्यावर वरचा खटका ओढून प्रवाह सुरू करून द्यावा लागतो. मिटण्याच्या क्षणाआधी शिट्टीचा आवाज बारीक होतो, टोपी दोन-चारदा फडफडते आणि एकदम शांतता होते. चार चाकांवरच्या चार शिट्ट्या एकामागून एक थांबताना ऐकणे हा या खेळातला एक छोटा आनंद आहे, हे मी मान्य करतो. तेवढ्या वेळात तुमचे दोन्ही हात मोकळे असतात.

मात्र टोप्या विकत आणल्या तशा वापरू नयेत. कारखान्यातून त्या कुठल्या दाबावर लावून आल्या आहेत यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, आणि एकाच संचातल्या चार टोप्याही आपसांत जुळतीलच असे नाही. घरीच एका टायरात पूर्ण हवा भरावी, एकेक टोपी त्यावर मिटेपर्यंत चालवावी, आपल्या खऱ्या गेजने आकडा पाहावा आणि स्क्रू फिरवून सगळ्या एका आकड्यावर आणाव्यात. एका फेऱ्याला किती पीएसआय बदलतात ते बनावटीगणिक निराळे असते, तेही याच वेळी टिपून घ्यावे. जमले की अडकवणारी रिंग घट्ट करावी आणि रंगाचा ठिपका द्यावा. पुढच्या टायरांना १८ आणि सामान लादलेल्या मागच्यांना २० हवे असतील तर दोन रंगांचे ठिपके द्या. टोप्या चढवलेल्या असताना गाडी चालवू नये. काही लोक चालवतात, पण दगडाला लागून टोपी तुटली तर सोबत व्हॉल्व्हची नळीही जाते.

टोप्यांची खरी मर्यादा अशी की त्यांना एकच आकडा पाठ असतो. तुम्ही वाळू आणि दगड दोन्ही लिहिले आहे. तुमच्या मापाच्या टायराला, गाडी फारशी लादलेली नसताना, मऊ वाळूत मी १८ पासून सुरुवात करीन आणि गाडी रुतू लागली तर १५ पर्यंत उतरेन. दगडांत २२ च्या आसपास थांबेन, कारण तिथे टायरने खडकावर पसरावे हे जसे हवे तसेच रिमने खडकावर आपटू नये हेही हवे. बीडलॉक, म्हणजे टायरची कड रिमवर आवळून धरणारी कडी, नसलेल्या चाकांवर १५ च्या खाली जाण्याची वेळ क्वचितच यावी. आलीच तर वेग चालण्याइतका ठेवावा आणि स्टिअरिंग झटक्याने वळवू नये. इतके वेगवेगळे आकडे लागत असतील तर वाटेत स्क्रू फिरवत बसण्यात टोप्यांचा सगळा फायदा निघून जातो.

हवा का सोडायची हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. जमिनीला टेकलेला भाग रुंदीत थोडा आणि लांबीत पुष्कळ वाढतो, आणि गाडीचे वजन त्यावर पसरते, एवढे पुरे. राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटातून साध्या मोटारी नेल्या, त्या याच युक्तीच्या बळावर. दुसऱ्या महायुद्धातल्या डीयूकेडब्ल्यू या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये तर चालकाला आत बसूनच टायरची हवा कमी-जास्त करता येत असे. आपल्याला खाली उतरून गुडघे टेकावे लागतात.

तिसरा प्रकार चार नळ्यांचा. चारही व्हॉल्व्ह एका मधल्या जोडाला जोडले जातात, त्यामुळे चारही टायरांतला दाब आपोआप समान होतो आणि एकच गेज पाहून काम भागते. तुमची वेगवेगळ्या दाबांची तक्रार यात मुळापासून मिटते, आणि त्याच नळ्यांतून नंतर हवा भरताही येते, हा मोठा गुण आहे. पण पिना जागेवरच राहून नुसत्या दाबल्या जातात, म्हणून प्रत्येक टायरचा प्रवाह पिन काढलेल्या टायराएवढा जोरकस नसतो. वाळूत ओढलेल्या नळ्यांच्या जोडांत कण शिरतात आणि ओ-रिंग, म्हणजे जोड हवाबंद करणाऱ्या रबरी कड्या, गळू लागतात. जोडांना टोपणे असलेला संचच घ्यावा. पुढे-मागे वेगळा दाब ठेवायचा असेल तर चार नळ्या अडचणीच्या ठरतात, तिथे एका ॲक्सलपुरत्या दोन नळ्या बऱ्या. शिवाय एखादा टायर पंक्चर होऊन हळूहळू गळत असेल, तर चारही जोडलेल्या अवस्थेत ते कळत नाही, कारण बाकीचे तीन त्याची तूट भरून काढत राहतात. म्हणून नळ्या काढल्यावर दहा मिनिटांनी प्रत्येक टायर स्वतंत्र मोजावा.

कोणतेही साधन घेण्यापूर्वी आपल्या चाकांजवळ बसून व्हॉल्व्ह पाहा. नळी रिमच्या खोबणीत खोल गेलेली असेल तर जाड तोंडाचे साधन तिथवर पोहोचतच नाही. हाताने चार-पाच आटे सहज चढतील एवढी नळी बाहेर आहे का, आणि साधनाचा दांडा मागे ओढायला समोर जागा आहे का, एवढे तपासले की निम्मी निवड तिथेच होते.

ऊन आणि प्रवासाची उष्णता हिशेबात धरा. लांबून आल्यावर तापलेल्या टायरांतून हवा सोडून १८ वर थांबलात आणि रात्री मुक्काम केलात, तर सकाळी तो आकडा खाली आलेला दिसेल. १८ च्या आसपास दर १० अंश सेल्सिअसमागे साधारण १ पीएसआय फरक पडतो. टायरातली हवा ४५ अंशांवरून १५ अंशांवर आली तर १८ चे १५ होतात. तापलेल्या टायरांवर दोन-तीन पीएसआय वरच थांबावे, आणि गार झाल्यावर पुन्हा मोजावे. डॅशबोर्डवर दाबाचा पिवळा दिवा लागेल, तो लागणारच. सेन्सर आपले काम करीत असतो.

आता तुम्ही न विचारलेली, पण खरेदीच्या यादीत गेजच्या लगेच खाली यायला हवी अशी वस्तू म्हणजे कॉम्प्रेसर. जेवढी हवा परत भरता येईल तेवढीच सोडावी. कमी हवेच्या टायरांवर डांबरी रस्त्यावर वेगाने गेलात तर बाजूच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि आतले थर सुटू लागतात. तुमच्या मापाच्या एका टायरात सुमारे ७५ लिटर जागा असते. १८ वरून ३५ वर जायचे म्हणजे १७ पीएसआय, म्हणजेच १.१७ बार (एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाचा दाब), म्हणून एका टायराला साधारण ९० लिटर आणि चौघांना मिळून ३५० लिटर मोकळी हवा लागते. कॉम्प्रेसरच्या खोक्यावर मिनिटाला ७० लिटर लिहिले असले तरी तो आकडा बहुधा समोर काही दाब नसतानाचा असतो. विकणाऱ्याला ३० पीएसआयवर किती हवा मिळते आणि यंत्र सलग किती वेळ चालते, हे दोन प्रश्न विचारा. तारा थेट बॅटरीला जोडणारा घ्या, सिगारेट लायटरच्या खोबणीतला घेतल्यास फ्यूज उडत राहील.

तर तुमच्यासाठी माझी निवड अशी: ० ते ६० चे स्वतंत्र गेज आणि पिन काढणारे एक साधन. एकट्या माणसाला चार टायर आठ-दहा मिनिटांत उरकता येतात आणि आकडा दर वेळी हवा तो ठेवता येतो. तुमचे जाणे पुढे बहुतांशी वाळूतच होऊ लागले तर टोप्यांचा संच जोडीला घ्या. कॉम्प्रेसर गाडीतच पक्का बसवून घेणार असाल, तरच नळ्यांचा विचार करा.

स्टेपनीतली हवा मात्र सोडू नका, उलट ती रस्त्याच्या दाबापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवा. रानात चाक बदलावे लागले तर जास्तीची हवा सोडायला मिनिट लागते, भरायला कॉम्प्रेसर काढावा लागतो. टोप्या घेतल्याच, तर त्या जुळवण्यासाठीही स्टेपनीच सोयीची, कारण तिच्यात हवा पुन्हा भरून घेईपर्यंत गाडी अडून राहत नाही.